शिरस्त्राण आणि मेंदू

'फुटबॉल' हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें पायानें चेंडू टोलविणारे खेळाडू उभे राहतात. अमेरिकेंतील फुटबॉल याहून अगदीं निराळा. तेथें अंडाकृति चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें, आणि प्रतिपक्षानें त्या धांवणाऱ्यास धडक देऊन, कवेंत धरून, खालीं पाडावयाचें. आपल्या हुतूतूंतील पकड ज्यांनीं पाहिली आहे त्यांना या झोंबाझोंबीची थोडीशी कल्पना येईल. मात्र तेथें गडी पूर्ण वेगानें धांवत येऊन एकमेकांवर आदळतात. असा खेळ आपल्या मुलानें खेळावा कीं नाहीं, हा प्रश्न तेथील आईबापांना शंभरांहून अधिक वर्षें छळीत आला आहे. त्या काळजीचा इतिहास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

सन १८९२ मध्यें हार्वर्ड विद्यापीठाच्या संघानें एक नवा व्यूह योजिला. पाचरीच्या आकारांत दाटीनें धांवत यावयाचें आणि प्रतिपक्षाच्या एकाच गड्यावर सर्वांचा भार टाकावयाचा. हा व्यूह दोन वर्षांतच निषिद्ध ठरला, परंतु घोळक्यानें तुटून पडण्याची रीत राहिलीच. १९०५ च्या हंगामांत, वृत्तपत्रांनीं केलेल्या गणनेप्रमाणें, १८ जण मृत्युमुखीं पडले. त्या वर्षीं ९ ऑक्टोबर रोजीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानीं बोलाविलें. त्यांचा स्वतःचा मुलगा हार्वर्डमध्यें हाच खेळ खेळत होता. खेळ बंद पडावा अशी त्यांची इच्छा नव्हती. तो सुधारावा, एवढाच त्यांचा आग्रह होता. पुढच्याच महिन्यांत न्यूयॉर्क येथील सामन्यांत युनियन कॉलेजचा एक विद्यार्थी मेंदूंत रक्तस्राव होऊन दगावला, आणि मग मात्र चालढकल अशक्य झाली. डिसेंबरांत ६२ महाविद्यालयांचे प्रतिनिधी एकत्र जमले. १९०६ पासून चेंडू पुढें फेंकण्याची मुभा मिळाली, त्यामुळें खेळ मैदानभर पसरला आणि घोळक्यांतील रेटारेटी कमी झाली. आज अमेरिकेंतील महाविद्यालयीन खेळांचें नियमन करणारी संस्था त्याच बैठकींतून जन्मास आली.

दुसरा उपाय म्हणजे शिरस्त्राण. आरंभीं तें मऊ चामड्याचें असे. १९३९ मध्यें प्लास्टिकचें कठीण शिरस्त्राण निघालें, आणि त्याच वर्षीं महाविद्यालयांत शिरस्त्राण सक्तीचें झालें. धंदेवाईक संघांनीं ही सक्ती १९४३ मध्यें स्वीकारली. आईबापांना वाटलें, आतां डोकें सुरक्षित झालें. घडलें तें विपरीतच. डोकें झांकलें गेल्यामुळें गडी निर्भय झाले आणि मस्तकच पुढें करून धडक देऊं लागले. ढाल होती तिचें शस्त्र झालें. १९६८ या एका वर्षांत खेळांतील प्रत्यक्ष आघातानें ३६ खेळाडू मेले. १९७६ मध्यें शाळा व महाविद्यालयें या दोहोंच्या नियमांत मस्तकानें धडक देण्यास मनाई झाली. पुढें शिरस्त्राणांचा दर्जाही सुधारला. परिणाम असा कीं, १९९० सालीं अशा आघातानें एकही मृत्यु झाला नाहीं.

तथापि शिरस्त्राण कवटीचें रक्षण करतें, मेंदूचें नव्हे. मेंदू कवटीच्या आंत द्रवांत वसलेला असतो. धांवतें डोकें एकाएकीं थांबलें म्हणजे आंतील मेंदू हिसक्यानें हलतो, पिळवटतो. बाहेर ओरखडाही दिसत नाहीं. मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांच्या बाबतींत ही गोष्ट हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरानें १९२८ मध्येंच लिहून ठेविली होती. फुटबॉलच्या बाबतींत ती ध्यानीं येण्यास पाऊणशें वर्षें लागलीं. माइक वेब्स्टर हा नामांकित खेळाडू २००२ मध्यें वयाच्या पन्नासाव्या वर्षीं वारला. त्याच्या मेंदूची तपासणी करणारे डॉ. बेनेट ओमालू यांनीं २००५ मध्यें प्रसिद्ध केलें कीं, त्यांत वारंवारच्या धक्क्यांनीं होणाऱ्या ऱ्हासाच्या खुणा आहेत. २०१७ मध्यें धंदेवाईक खेळाडूंचे १११ मेंदू तपासले गेले; पैकीं ११० मध्यें या खुणा आढळल्या. हा आंकडा ऐकून घाबरून जाऊं नये. ते मेंदू बहुधा अशाच कुटुंबांनीं दिले होते, ज्यांना आधींच शंका आली होती. परंतु हा रोग निश्चितपणें ओळखतां येतो तो मृत्यूनंतरच, आणि आईबापांची खरी अडचण हीच आहे.

लहान मुलांचे संघ फिलाडेल्फिया शहरांत १९२९ पासून निघाले व पुढें देशभर पसरले. १९५७ मध्यें तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या समितीनें स्पष्ट सांगितलें कीं, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कार्यक्रमांत धडकेच्या फुटबॉलला स्थान नसावें. तो सल्ला मागें पडला. २००६ मध्यें वॉशिंग्टन राज्यांत १३ वर्षांचा एक मुलगा डोक्याला मार लागल्यावरही पुन्हां मैदानांत उतरला आणि जन्माचा अपंग झाला. २००९ मध्यें त्या राज्यानें कायदा केला: मेंदूला हादरा बसल्याची शंका येतांच मुलास खेळांतून बाहेर काढावें आणि वैद्यकीय परवानगीवांचून परत घेऊं नये. २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. कॅलिफोर्नियानें २०१९ मध्यें मुलांच्या सरावांतील धडकांवर कालमर्यादा घातली. कमरेची पट्टी ओढून गडी बाद करावयाचा, असा धडकेवांचूनचा प्रकारही आतां पुष्कळ मुलें खेळतात.

या खेळांत धैर्य, सांघिक शिस्त आणि शरीरसामर्थ्य यांचें शिक्षण मिळतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. म्हणूनच आईबापांचें मन दुभंगतें. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या कांहीं मराठी कुटुंबांपुढेंही शाळेचा तो संमतिपत्राचा कागद येतो. सही करण्यापूर्वीं त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: मुलांचे प्राण वांचले ते मुख्यतः नियम बदलल्यामुळें, आणि नियम बदलले ते कोणीतरी बोलून दाखविल्यामुळें. शिरस्त्राण कसलें आहे, हें विचारणें योग्यच. पण सरावांत धडका किती, मूल झिंगलेलें दिसल्यास त्यास बाहेर काढण्याचा अधिकार कोणाचा, आणि कोणत्या वयापासून धडक सुरू होते, हे प्रश्न त्याहून मोलाचे आहेत. ते विचारणाऱ्या आईबापांस कोणी भित्रें म्हटलें, तर त्यांनीं तें खुशाल ऐकून घ्यावें.