आधी एकट्याने, मग जोडीने

१९५८ मध्ये सुरू झालेल्या पवईच्या आयआयटीला युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदत मिळाली. साठच्या दशकात तिथे मिन्स्क-२ हा सोव्हिएत संगणकही आला.

तेव्हा एका यंत्रावर अख्ख्या संस्थेची भिस्त असे. विद्यार्थ्याने प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा, तो कार्डांवर किंवा कागदी फितीवर छिद्रांत उतरवायचा, ऑपरेटरकडे द्यायचा आणि थांबायचं. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा रांग. अशा वेळी सोबत्याकडून ओळ न् ओळ तपासून घेणं सोयीचंच होतं. अभ्यासक्रमात नसलेलं सहकार्य टंचाईने शिकवलं.

पुढे ज्याच्या त्याच्या पुढ्यात पीसी आला आणि ही गरज सरली. उरला शेवटच्या वर्षाचा ग्रुप प्रोजेक्ट. अहवालावर चार नावं, राबणारा बहुधा एक आणि गुण सगळ्यांना सारखे! एकत्र काम नेमून दिलं म्हणजे ते शिकवलं, असं होत नाही.

पवईत ते शिकवण्याचा एक नेटका प्रयोग झाला, तोही प्रोग्रामिंगच्या पहिल्याच अभ्यासक्रमाच्या भल्यामोठ्या वर्गात. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचे फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘थिंक-पेअर-शेअर’ ही रीत तिथे वापरली गेली. शिक्षक प्रश्न घालतात. विद्यार्थी आधी एकट्याने उत्तर लिहितो, मग शेजाऱ्याशी पडताळून पाहतो, शेवटी सगळा वर्ग चर्चा करतो. यातली पहिली पायरी मोलाची आहे. स्वतःचं काही लिहिलेलं नसेल, तर जोडीतला हुशार बोलतो आणि दुसरा नुसती मान डोलावतो.

अदिती कोठियाल, ऋतजित मजुमदार, सहना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी दहा आठवडे, अशा तेरा उपक्रमांत, विद्यार्थी नेमकं काय करतात याची वर्गात बसून नोंद केली. सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णपणे किंवा बहुतांशी कामात गुंतलेले दिसले. जोडीच्या टप्प्यात ते मुख्यतः शेजाऱ्याशी चर्चा करत होते किंवा लिहीत होते. मोठ्या वर्गात फक्त व्याख्यानच चालतं, या समजुतीला हा आकडा चोख उत्तर देतो. २०१३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटी अशा वर्गांच्या शिक्षकांसाठी सूचनाही होत्या.

चार वर्षांनी, २०१७ मध्ये, ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. सहा विद्यार्थ्यांचा संघ, त्यात किमान एक मुलगी, आणि सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीत सलग ३६ तास काम. त्या ३६ तासांत कुणी कुणाला सहकार्य शिकवत बसत नाही. संघ ते शिकूनच तिथे यावा लागतो.