जाब, सवाल आणि तोड

कोशात ‘हजरजबाबी’ हा शब्द मोठ्या ऐटीत बसलेला आढळतो. त्याची दोन्ही अंगे अरबी. फारसीच्या वाटेने ती मराठीत आली. हा शब्द उच्चारला की दरबार आठवतो आणि त्या दरबारात ज्याचे उत्तर सदैव हात जोडून उभे आहे असा एखादा चतुर मुत्सद्दी आठवतो. पण सातारा-सांगलीकडे बाजारात वा पारावर कोणी असा जबाब दिला, तर ऐकणारे त्याला हजरजबाबी म्हणत बसत नाहीत. ‘बिनतोड बोलला गडी,’ एवढेच म्हणतात. कोशकार या शब्दाची व्युत्पत्ती काय लावायची ती लावोत. कृष्णाकाठच्या माणसाला तो ऐकताच तालमीच्या हौदातली माती आठवते. कुस्तीत डावाला तोड असते, आणि जिला तोड नाही ती गोष्ट बिनतोड. ‘शेरास सव्वाशेर’ धान्याच्या मापातून आले, ‘कोपरखळी’ तर अंगाचीच. ‘शालजोडीतला’ मात्र इकडे फारसा रुजला नसावा. तो द्यायचा तर आधी घरात शालजोडी हवी, माणदेशात घोंगडी.

‘जबाब’ या शब्दाचा प्रवास याहून गंभीर आहे. पेशवाईच्या कागदांत ‘जाबसाल’ पावलोपावली भेटतो. जबाब आणि सवाल यांचा हा जोड. अर्थ बोलणे, वाटाघाट, राजकारणाची देवघेव. त्यातला ‘जाब’ पुढे एकटा पडला आणि कठोर झाला. जबाब कोणीही द्यावा. जाब मात्र वरच्याने खालच्याला विचारायचा. साताऱ्याने हा फरक चांगलाच अनुभवला आहे. १८३९ साली प्रतापसिंह महाराजांवर कंपनी सरकारने कटाचे आरोप ठेवले, आणि कबुलीच्या कागदावर सही केली तर गादी राहील असे सांगितले. महाराजांनी सही नाकारली, गादी सोडली आणि १८४७ साली काशीस देह ठेवला. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. मागणी अशी, की जाब विचारलात तर जबाबही ऐका. तो कोणी ऐकला नाही. उलट १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले.

दरबारात जे मिळाले नाही ते फडावर मिळत होते. कलगी-तुऱ्याचे शाहीर समोरासमोर बसत. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एकाने भेदिक लावणीतून सवाल टाकावा, दुसऱ्याने त्याचा भेद उकलून वर आपला सवाल चढवावा, आणि उत्तर सुचेना की सभेत मान खाली घालावी, असा रात्रभर सामना. पुराणे, वेदान्त, हिशेबाची कोडी, सगळे त्यात येई. विद्वत्ता लागे, पण ती पाठशाळेची नव्हे. शाहिरांत सर्व जातींची माणसे असत.

तमाशात हाच सवालजबाब मोकळा आणि हसरा झाला. गवळणीत दही-दूध घेऊन मथुरेला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो आणि मावशी त्याला सरळ उलट बोलते. देव असला म्हणून काय झाले! वगात राजा हुकूम सोडतो आणि सोंगाड्या राजाचाच शब्द उचलून त्याच्या गळ्यात अडकवतो. हा सोंगाड्या बहुधा महार, मांग वा कोल्हाटी. दिवसा पाटलाच्या चावडीपुढे जो हात बांधून जाब देई, तोच रात्री दिवट्यांच्या उजेडात राजाला निरुत्तर करी, आणि पाटीलही पुढे बसून हसे. त्या हसण्याचा मला नेहमी अचंबा वाटतो. कारण हेच वाक्य त्याच माणसाने सकाळी चावडीवर उच्चारले असते, तर त्याला हजरजबाबी कोणी म्हटले नसते. त्यासाठी मराठीत वेगळे शब्द राखून ठेवलेले आहेत: उद्धट, उर्मट, शेफारलेला. सुनेसाठी आणखी वेगळे: तोंडाळ, फटकळ. उत्तर तेच, देणारा कोण, यावर शब्द ठरतो.

म्हणून पठ्ठे बापूरावांची गोष्ट नुसत्या रंगेलपणाची म्हणून सांगितली जाते, हे मला पटत नाही. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचा हा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. घरची कुलकर्णी वृत्ती, म्हणजे जाब लिहून घेणारी लेखणी, टाकून तो जबाब देणाऱ्यांच्या फडात शिरला. जातीने त्याला दूर केले. त्याच्या फडावर संगमनेरकडच्या हिवरगावची पवळा उभी राहिली. तमाशात उतरलेली ती पहिली स्त्री मानली जाते. तोवर बाईचे उत्तर नाच्या पोरगा देत असे. आता बाईचा जबाब बाईच्या तोंडून येऊ लागला. १९४५ साली बापूराव पुण्यात वारले, तेही विपन्नावस्थेत.

सत्यशोधकांच्या जलशांनी हाच साचा उचलला आणि राजाच्या जागी भटभिक्षुक व सावकार उभे केले. पुढे त्याच वाळवे तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी, मांगवाड्यात जन्मलेल्या आणि तमाशा अंगात मुरलेल्या माणसाने, १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. सवाल आता गिरणीमालकालाही होऊ लागले.

त्याच सुमारास नाना पाटलांचे प्रतिसरकार सातारा जिल्ह्यात उभे होते. आजचा सांगली जिल्हा तेव्हा पुष्कळसा त्यातच मोडे. ‘प्रतिसरकार’ आणि ‘प्रत्युत्तर’ यांतला ‘प्रति’ एकच. गावकऱ्यांच्या जिभेवर तो ‘पत्री’ झाला, आणि गुंडांच्या व खबऱ्यांच्या तळपायांना पत्रे ठोकतात अशी कथा त्यामागून धावत आली. हे नाव आधी निंदकांनी दिले की लोकांनी, याबद्दल वाद घालणारे घालतात. वाळव्यातल्या आणि कुंडलच्या म्हाताऱ्यांनी मात्र ‘आम्ही पत्री सरकारातले’ असेच छाती काढून सांगितले.