गांधींचे उपचार आणि रुग्णाची संमती

लुई कुने आणि अडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांच्या पुस्तकांतून गांधींनी कटिस्नान आणि मातीच्या पट्ट्या उचलल्या व आधी स्वतःवर, मग घरच्यांवर आजमावल्या. महात्मा म्हणून देश त्यांच्या शब्दाला मानू लागला तो पुढे. संमतीचा प्रश्न मात्र घरातच उभा राहिला होता.

१९०२ साली मुंबईत त्यांचा सुमारे दहा वर्षांचा मुलगा मणिलाल याला विषमज्वर झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा सुचवला. गांधींनी मुलाला विचारले, मुलाने नकार दिला आणि कटिस्नान, ओली चादर, संत्र्याचा रस असे उपचार सुरू झाले. ताप १०४ अंशांवर गेला, तेव्हा मुलावर आपल्या लहरी लादण्याचा बापाला काय अधिकार, हा विचार त्यांना छळत होता. मुलगा वाचला. आत्मकथेत गांधींनी त्याचे श्रेय आपल्या पद्धतीला दिले नाही. देवाने लाज राखली, अशी स्वतःची श्रद्धा नोंदवून बाकीचा निवाडा वाचकावर सोडला. युस्टचे पुस्तक प्रमाण मानू नये, असा इशाराही त्यांनी दिला. पण दहा वर्षांच्या पोराचा नकार त्याचा स्वतःचा किती आणि बापाच्या घरचा किती, हे कोणी सांगावे?

पुढे डर्बनला शस्त्रक्रियेनंतर अशक्त झालेल्या कस्तुरबांना डॉक्टरांना गोमांसाचे सत्त्व द्यायचे होते. तिलाच विचारा, असे गांधींनी कळवले. कस्तुरबांनी ठाम नकार दिला आणि त्या अवस्थेतच त्यांना फिनिक्सला नेण्यात आले.

‘हिंद स्वराज्य’मध्ये (१९०९) गांधींनी डॉक्टर आणि इस्पितळे यांना धारेवर धरले होते. येरवडा तुरुंगात आंत्रपुच्छाचा आजार बळावल्यावर मात्र १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्री यांनी लिहून घेतलेल्या संमतिपत्रावर त्यांनी सही केली. उद्या काही विपरीत घडले तर दोष सर्जनवर जाऊ नये, एवढी दक्षता त्यामागे होती.

१९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ असताना मुलगा देवदास गांधी यांच्या आग्रहाने पेनिसिलिन मागवले गेले. ते वरचेवर सुईने द्यावे लागणार हे कळल्यावर गांधींनी विरोध केला, आणि देवदासांनी आग्रह सोडला. २२ फेब्रुवारीला त्या वारल्या. औषधाने त्या वाचल्या असत्या, असे म्हणता येत नाही. पण या वेळी शब्द गांधींचा होता; डर्बनला तो कस्तुरबांचा होता.

मार्च १९४६ मध्ये गांधी पुण्याजवळच्या उरुळीकांचनला आठवडाभर राहिले आणि तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. गरीब खेडुताला स्वतः करता येतील तेवढेच उपाय त्यांना हवे होते: ऊन, पाणी, माती, आहार आणि रामनाम. गांधी तेथून निघून गेले. आश्रम मणिभाई देसाई आणि विनोबांचे बंधू बाळकोबा भावे यांनी चालवला.