हिस्टोन पेप्टाइड-रोधन

हिस्टोन प्रथिनांवरील रासायनिक बदल ओळखणारा प्रतिपिंड नेमका कशाला चिकटतो, हे पडताळण्याची प्रयोगशालेय पद्धत. प्रतिपिंड नमुन्यावर घालण्यापूर्वी तो बदल असलेल्या कृत्रिम पेप्टाइडात मिसळतात. प्रतिपिंडाच्या बंधनजागा पेप्टाइडाने व्यापल्या, की नमुन्यातील हिस्टोनसाठी त्या उरत नाहीत व संकेत मावळतो.

पार्श्वभूमी : हिस्टोनांच्या शेपटांवर ॲसिटिल, मिथिल, फॉस्फेट इ. गट जोडले जातात. व्हिन्सेंट ऑलफ्री व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ॲसिटिलीकरणाचा आरएनए-निर्मितीशी संबंध सुचविला. ब्रूस मेरिफील्ड यांच्या घन-आधारित संश्लेषणामुळे (१९६३, नोबेल पारितोषिक १९८४) ठरावीक जागी मिथिलयुक्त लायसीन असलेली पेप्टाइडे बनविणे शक्य झाले.

कृती : विरल केलेल्या प्रतिपिंडाचे दोन समान भाग करतात. एकात पेप्टाइड रेणुसंख्येने बरेच जास्त घालतात, दुसरा तसाच ठेवतात. दोन्ही भाग एकाच नमुन्याच्या दोन सारख्या पटलांवर वापरतात. वेस्टर्न ब्लॉटमध्ये एच३ या हिस्टोनाची पट्टी सुमारे १७ किलोडाल्टनला दिसते. रोधित भागात ती फिकी पडावी किंवा नाहीशी व्हावी.

तुलना-पेप्टाइडे : पद्धतीचे खरे मोल येथे आहे. उदा., त्रिमिथिल लायसीनचा प्रतिपिंड तपासताना बदल नसलेले, एक वा दोनच मिथिल गटांचे आणि तोच बदल अन्य जागी असलेले पेप्टाइड घालूनही पट्टी टिकली पाहिजे. एच३ मधील ९ व २७ क्रमांकांचे लायसीन (के९ व के२७) हे नेहमीचे अडचणीचे उदाहरण होय. दोन्ही ठिकाणी ॲलानीन-आर्जिनीन-लायसीन-सेरीन हाच क्रम असल्याने एकाचा प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटू शकतो. के९ चे त्रिमिथिलीकरण प्रामुख्याने हेटेरोक्रोमॅटिनशी, तर के२७ चे पॉलिकोम्ब प्रथिनांकरवी होणाऱ्या जनुकदमनाशी निगडित आहे. त्यामुळे गल्लत झाल्यास निष्कर्षच बदलतो. के९ शेजारच्या दहाव्या सेरीनवर फॉस्फेट असल्यास काही प्रतिपिंडांना के९ वरील बदल ओळखता येत नाही.

मर्यादा : संकेत मावळला म्हणजे प्रतिपिंड पेप्टाइडाला चिकटतो, एवढेच सिद्ध होते. त्याच बंधनजागेतून तो भलत्या प्रथिनाला चिकटत असेल, तर तोही संकेत मावळतो. शिवाय सुट्या पेप्टाइडात न्यूक्लिओसोमची रचना नसते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पडताळणीत हिस्टोन-बदलांचे दोनशेहून अधिक प्रतिपिंड तपासले गेले. चौथ्या हिश्शाहून जास्त विशिष्टतेच्या कसोटीत नापास झाले. एकट्या रोधनावर कितपत विसंबावे, याविषयी मतभेद आहेत.

पूरक पद्धती : पेप्टाइड-सरणी, बदलयुक्त न्यूक्लिओसोम.