खारपाणपट्ट्यांतील लोखंडाचें कवच

अकोला व अमरावती जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील पाण्यांतील क्षार व ओल धरून ठेवणारी काळी माती यांमुळें मोटारसायकलीच्या सांगाड्यास लवकर गंज चढतो. पूर्वीं ब्रशानें दिलेला किंवा भट्टींत भाजलेला ओला रंग हेंच लोखंडाचें रक्षण होतें. १९५३ च्या सुमारास जर्मनींत एर्विन गेमर यांनीं तापविलेली वस्तु हवेनें उसळणाऱ्या भुकटींत बुडविण्याची युक्ति काढिली. पुढें विद्युद्भारित भुकटी फवारून ती सुमारें २०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत वितळविण्याची रीत रूढ झाली. द्रावकाची गरज सरली. सांडलेली भुकटीहि पुन्हां उपयोगीं पडूं लागली. परंतु सांगाडा सुटा करून जुना गंज निपटून काढिला नाहीं, तर क्षार त्या देखण्या थराखालीं आपलें काम चालूंच ठेवितो. आणि झांकलेला गंज अधिक घातक, कारण तो दिसत नाहीं.