डायलिसिस आणि आकस्मिक हृदयमृत्यूचा धोका

चंडीगढ येथील स्नातकोत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था (पीजीआय) १९६२ मध्ये स्थापन झाली. तेथील मूत्रपिंडविकार विभागाची उभारणी डॉ. कृपाल सिंग चुघ यांनी केली. त्यांना २००० मध्ये 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. या शाखेपुढील एक कठीण प्रश्न म्हणजे डायलिसिसच्या रुग्णांचा आकस्मिक हृदयमृत्यू. या रुग्णांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश मृत्यू अशा प्रकारचे असतात.

दोन डायलिसिसच्या मधल्या काळात रक्तातील पोटॅशियम व शरीरातील पाणी वाढते. डायलिसिसच्या वेळी ते झपाट्याने घटते. या चढउताराचा ताण आधीच जाड झालेल्या हृदयस्नायूवर पडतो. अमेरिकेतील ३२,०६५ रुग्णांच्या २०११ मधील अभ्यासात दोन दिवसांच्या खंडानंतर मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. भारतात अनेकांना आठवड्यातून दोनदाच डायलिसिस मिळत असल्याने हा खंड आणखी लांबतो.

भारत व अमेरिकेतील ६६ रुग्णांच्या त्वचेखाली नोंदयंत्र बसवून केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयगती मंदावण्याचे प्रकार सर्वाधिक दिसले. नेदरलँड्समधील २०१९ च्या चाचणीत प्रतिबंधक उपाय म्हणून बसविलेल्या विद्युतझटका यंत्रानेही आकस्मिक मृत्यू घटले नाहीत.

हृदयालेख, इकोकार्डिओग्राफी व पोटॅशियमची तपासणी यांवरून धोक्याचा अंदाज येतो. मात्र कोणतीही एकच चाचणी पुरेशी ठरलेली नाही. म्हणूनच डायलिसिसची ठरलेली पाळी न चुकविणे आणि भोवळ वा छातीत धडधड झाल्यास डॉक्टरांना तत्काळ कळविणे महत्त्वाचे ठरते.