न्हाव्यातला ‘ह’ आणि वाटीतला साबण

साताऱ्याहून पुण्याच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात लिंब गावाकडे वळणारा रस्ता लागतो. लोक तिथे बारा मोटांची विहीर बघायला जातात. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली, एका वेळी बारा मोटा चालतील एवढी ऐसपैस, आणि पोटात चक्क छोटा महाल असलेली. पायऱ्या उतरायच्या, वर मान करून फोटो काढायचे आणि परत फिरायचं. दाढीच्या साबणाची कुळकथा शोधत लिंबला कुणी जात नाही. पण तिचा सगळ्यात मजेशीर धागा अडकलाय तो या गावाच्या नावातच.

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. ‘न’ या अक्षराचं पुढे काय काय होतं हे सांगताना त्याने एक इवलंसं सूत्र फक्त दोन शब्दांवर खर्च केलं: निंब आणि नापित. निंबातल्या ‘न’चा विकल्पाने ‘ल’ होतो, म्हणून लिंब. नापितातल्या ‘न’चा ‘ण्ह’ होतो, म्हणून ण्हाविअ. एक झाड आणि एक कारागीर, दोघांचा संबंध काय, तर दोघेही नियमात बसत नाहीत एवढाच. हिंदीने पुढे नीम आणि नाई घेतले, बंगालीने निम आणि नापित. मराठीने मात्र या सूत्रातले दोन्ही विकल्प उचलले: लिंब आणि न्हावी. गावाला नाव झाडावरून पडलं असणार, याबद्दल फार शंका घ्यायचं कारण नाही.

लिंबातला ‘ल’ बाजूला ठेवू. खरी गंमत न्हाव्यातल्या ‘ह’ची आहे.

संस्कृतातला नापित जुना आहे, शतपथ ब्राह्मणात तो भेटतो. त्यात ‘ह’ नाही. मग मराठीत तो आला कुठून? हवेतून ‘ह’ पडत नसतो. मराठीत जिथे ‘न्ह’ ऐकू येतो तिथे मागे वळून पाहिलं तर अनेकदा ‘स्न’ उभा असतो. स्नानाचं न्हाण झालं. प्रस्नवाचा पान्हा झाला. त्याच वाटेने मागे गेलं तर न्हाव्याच्या मागे ‘स्ना’ हा धातू लागतो, म्हणजे न्हावी हा मुळात न्हाऊ घालणारा. पालीत तर हे लपूनही राहिलेलं नाही. तिथे केस कापणाऱ्याला नहापित म्हणतात आणि आंघोळ घालणाऱ्याला नहापक. तेव्हा नापित हाच शब्द बोलीतून ‘स’ झिजलेल्या रूपात संस्कृतात शिरला आणि तिथे सोवळं नेसून बसला, असं मानावं लागतं. तुलनात्मक भाषाशास्त्राचा कौलही याच बाजूला आहे. संस्कृत रूप वयाने थोरलं, पण मूळ अर्थाची खूण सांभाळली ती धाकट्या मराठीने.

याला प्रतिस्पर्धी आहेत. जुन्या वैयाकरणांनी नापित फोडला तो ‘न’ आणि ‘आप्’ असा: जो सरळपणापर्यंत पोचत नाही तो. ही व्युत्पत्ती कमी आणि चहाडी जास्त. गावातल्या सगळ्या घरांच्या बातम्या ज्याच्या कानावर पडतात त्याच्याबद्दल बाकीच्यांना वाटणारी धास्ती तिच्यात दिसते. दुसरी कथा नाभीची. समाजाने आज स्वीकारलेलं नाभिक हे नाव नाभीशी, म्हणजे देवाच्या बेंबीतून झालेल्या उत्पत्तीशी जोडलं जातं. नावाला मान आहे आणि तो असावाच, पण नाभीतून ‘न्ह’ काही केल्या निघत नाही. सांगलीच्या पूर्वेला जत तालुक्यात कन्नड सुरू होते, तिथला नाविद आणि त्याच्याही पलीकडे तमिळमधला नावितन हे दोघे नापिताच्याच घरचे, पण बिनहकाराचे. ‘ह’ चिकटून राहिला तो कृष्णाकाठच्या बोलीत.

आता न्हाऊ घालण्याचा आणि दाढीच्या साबणाचा संबंध काय? त्यासाठी दीघनिकायातल्या दुसऱ्या सुत्तापर्यंत जावं लागतं. सामञ्ञफलसुत्तात बुद्ध ध्यानाच्या पहिल्या पायरीचं सुख समजावतो आणि दाखला देतो तो नहापकाचा. एक तरबेज नहापक किंवा त्याचा हाताखालचा पोरगा काशाच्या थाळीत स्नानाचं चूर्ण घेतो, त्यावर पाण्याचे हबके मारत मारत ते मळतो, शेवटी त्याचा असा गोळा होतो की आतून-बाहेरून ओलावा मुरलेला, पण एक थेंब गळत नाही. ज्याने ब्रशने घोटून साबणाचा फेस केला आहे तो हे वाचून दचकेल. वाटी, कोरडा साबण, बेताबेताने पाणी, आणि फेस असा की ब्रश उलटा धरला तरी ओघळ नाही. पाणी कमी पडलं तर फेस भुसभुशीत, जास्त झालं तर गालावरून गळ्यात. उपमा ध्यानाची आहे, पण तपशील गिऱ्हाइकाच्या खुर्चीशेजारचा.

त्या चूर्णात काय असेल याचा अंदाज बांधायला सह्याद्रीत भरपूर साहित्य आहे. रिठा आहे, शिकेकाई आहे. रिठ्याच्या वंशाचं शास्त्रीय नाव सापिंडस, त्याचा अर्थच ‘हिंदी साबण’. म्हणजे युरोपच्या दृष्टीने साबण आपल्याकडे झाडाला लागत होता.

गावगाड्यातल्या न्हाव्याच्या धोकटीत मात्र साबण नव्हता. वस्तरा, कातर, नखं काढायची नराणी, चामड्याचा पट्टा, आरसा आणि पाण्याची वाटी. ओल्या बोटांनी गाल चोळायचा, पुन्हा चोळायचा, तिसऱ्यांदा चोळायचा आणि मग वस्तरा. याचा साक्षीदार कुठल्या बखरीत शोधायला नको, तो रोजच्या बोलण्यात आहे. कुणी कुणाला पुरतं लुबाडलं की ‘बिनपाण्याने केली’ म्हणतात. ‘बिनसाबणाने केली’ असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हण तयार झाली तेव्हा गालाला लागायचं ते पाणी, आणि दाढी सुसह्य होते ती त्याने, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शास्त्रही वेगळं सांगत नाही. दाढीचा केस म्हणजे केराटिन. दोन-तीन मिनिटं पाणी पिऊन तो फुगतो, मऊ पडतो आणि मग पात्याला फार जोर लावावा लागत नाही. साबण ते पाणी जागेवर धरून ठेवतो आणि पातं घसरू देतो, म्हणजे त्याची नोकरी दुय्यम.

इथे विरोधी पक्ष हजामत या शब्दाकडे बोट दाखवील, आणि ते रास्तही आहे. अरबीत हिजामा म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं आणि हज्जाम म्हणजे तुंबडी लावणारा. या हिशेबाने हा धंदा पाण्याचा नसून शस्त्रक्रियेचा ठरतो. पण हजामत आली सुलतानांच्या काळात, तीही फारसीचा हात धरून. वस्तराही फारसी, मूळचा उस्तुरा. आपला जुना क्षुर मग कुठे गेला? क्षुरिकेची सुरी झाली आणि ती स्वयंपाकघरात कांदे चिरायला बसली. धंद्याची हत्यारं बदलली, कामाचं नाव बदललं, काम करणाऱ्याचं नाव मात्र ‘न्ह’ला धरून टिकून राहिलं. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांवरचा सय्यद बंडाचा वार परतवणारा जिवा महाला याच समाजाचा मानला जातो. महाला किंवा म्हाली हे या समाजाचं आणखी एक नाव, पण त्याची कथा वेगळी.

साबण हा शब्द कुठल्या दाराने आला यावरही वाद आहे. प्लिनीने ‘सापो’ ही गॉल लोकांची युक्ती म्हणून नोंदली, केस लाल करायला चरबी आणि राखेपासून केलेली. तिथून एक फाटा अरबीत साबून म्हणून गेला, दुसरा पोर्तुगिजांत सबांव म्हणून. गोवा शेजारी असल्याने साबणही बटाटा-पावाच्या बोटीतून उतरला असं अनेक जण धरून चालतात. पण पोर्तुगीज पांवचा मराठीत पाव झाला, शेवटी ‘ण’ आला नाही. त्याच न्यायाने सबांवचा साबाव व्हायला हवा होता. मराठी साबणातला खणखणीत ‘ण’ अरबी ‘नून’चा वारस आहे. साबण बोटीने नाही, घाटावरून आला.

पुढचे टप्पे सर्वांना माहीत आहेत. जिलेटचा सेफ्टी रेझर 1903 मध्ये बाजारात आला आणि 1904 मध्ये त्याला पेटंट मिळालं. वस्तरा धरायला कसब लागायचं, हा कुणालाही धरता येऊ लागला. दाढी घरात आली आणि तिच्यासोबत एक नवाच प्रश्न आला, जो न्हाव्यासमोर बसलेल्या माणसाला कधी पडलाच नव्हता: साबण कुठला?

इथे घरं दोन जातींत विभागली जातात. एक एकसाबणी. स्टीलच्या वाटीत गोदरेजची गोल चकती बसवलेली. चकती झिजून पापडीएवढी झाली की ती ओली करून नव्या चकतीच्या डोक्यावर दाबायची, म्हणजे नव्या साबणात जुना कायम शिल्लक. दुसरी आलटून-पालटून वाली. आज चंदन, उद्या लिंबू, रविवारी फ्लॉरेन्सचा प्रोरासो किंवा तुर्कस्तानचा आर्को, आणि कपाटात अजून न उघडलेले चार डबे. सलूनवाल्यांनी या दोघांमधला मार्ग काढला. भिंतीवरच्या दरपत्रकात साध्या दाढीचा भाव वेगळा आणि क्रीम, फोम, जेलच्या दाढीचा वेगळा.

एकसाबणी माणसाला जुनाट म्हणण्याआधी सांगली-कोल्हापूरचा विचार करावा. दाढीचा इंग्रजी साबण परंपरेने जनावराच्या चरबीचा. गोदरेजने 1918 मध्ये वनस्पती तेलांचा साबण काढला. या भागात जैन शेतकऱ्यांची वस्ती मोठी, दक्षिण महाराष्ट्र जैन सभा 1899 ची. अशा घरांत साबण निवडणं ही हौस नव्हती. जो चालतो तो सापडला की विषय संपला, मग मुलगाही तोच आणणार आणि नातूही. त्या वाटीतल्या निष्ठेचं मूळ सुगंधात नसून चरबीत असावं.

आलटून-पालटून वाल्यांचा आवडता युक्तिवाद असा की दाढीला साबणाची सवय होते आणि मग त्याचा फेस ‘लागत’ नाही. हे खोटं आहे. मेलेल्या केसाला कसली आलीय सवय? पण तक्रार खरी असू शकते, फक्त आरोपी चुकीचा. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणमध्ये आणि सांगलीच्या आटपाडीत तो पाचशेच्या आसपास. कृष्णा-कोयनेचं पाणी हलकं, दुष्काळी पट्ट्यातल्या बोअरचं जड. जड पाणी ओळखायला गावात प्रयोगशाळा लागत नाही: डाळ शिजत नाही, कपड्याला फेस येत नाही. त्यातलं कॅल्शियम साबणातल्या स्टिअरिक आम्लाला धरतं आणि फेसाऐवजी वाटीच्या कडेला पांढरा साका बसतो. दाढीच्या चांगल्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे मार त्यालाच जास्त. काही साबणांत कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए घालतात, तिथे साबण बदलल्याने फरक पडतो. पण वाईतला माणूस बदलीवर जतला गेला आणि साबण बिघडला म्हणाला, तर साबण तोच असतो.

एक धागा राहिला. राज्याच्या मागासवर्गीय जातींच्या यादीत न्हाव्यासोबत वारीक हेही नाव आहे, आणि ओडियात न्हाव्याला बारिकच म्हणतात. हा शब्द ‘वारि’ म्हणजे पाण्यापासून आला असं म्हटलं तर वरचा सगळा सिद्धान्त सोन्याने मढवून निघेल. मोह मोठा आहे. पण बौद्ध संस्कृतात ‘वारिक’ म्हणजे विहारात ज्याची पाळी आहे तो. पाण्याची पाळी असलेला पानीयवारिक, भांड्यांची पाळी असलेला भाजनवारिक. पाण्यासाठी तिथे ‘पानीय’ वेगळं जोडावं लागलं, म्हणजे ‘वारि’त पाणी नव्हतं. तेव्हा वारीक हा पाळीचा माणूस: आज या वाड्यावर, परवा त्या वस्तीवर, ठरल्या वारी ठरल्या उंबऱ्याशी. आलटून-पालटून वाल्यांना इच्छा असेल तर त्यांनी हा पूर्वज घ्यावा. फक्त त्याच्या पाळीत घरं बदलत, वाटी तीच राही.

आटपाडी-जतकडे चार साबण बदलून वैतागलेला माणूस हल्ली एक गोष्ट करतो. प्यायला आणलेल्या फिल्टरच्या जारमधलं अर्धा तांब्या पाणी कोमट करून दाढीच्या वाटीत ओततो. घरातून ओरडा बसतो, कारण जार विकतचा असतो. आणि वाटीच्या तळाशी चिकटून राहिलेली, टाकून द्यायची ठरवलेली जुनी चकती दोन मिनिटांत फेसाने भरून वर येते.